युद्धनौकेवरील खाजगी पत्र : टपालाच्या थैलीपासून ई-मेलपर्यंत

(१)

युद्धनौकांच्या इतिहासग्रंथांत तोफा, चिलखत, वेग आणि पल्ला यांचे विवेचन विपुल असते. त्या नौकांवर महिनोन्‌महिने राहणाऱ्या माणसांनी घरी काय लिहिले व घरची वार्ता त्यांना कशी कळली, या प्रश्नास मात्र त्या मानाने थोडीच जागा मिळते. वस्तुतः हा प्रश्न गौण नव्हे. नौका बंदराबाहेर पडली म्हणजे तिच्यावरील प्रत्येक माणूस दोन सत्तांच्या अधीन असतो : एक नौकाधिपतीची, दुसरी समुद्राची. त्याचे खाजगी पत्र या दोहोंच्या संमतीनेच घरापर्यंत पोहोचत असे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात युद्धनौकांवर वैयक्तिक संगणक व ई-मेल आले आणि या व्यवस्थेत मोठा पालट घडून आला.

या पालटाचे स्वरूप ठरविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ई-मेलने नाविक व त्याचे घर यांतील अंतर नाहीसे केले, एवढेच म्हणून भागत नाही. समुद्राने सहजगत्या घातलेला विलंब लष्करी शिस्तीच्या व गुप्ततेच्या उपयोगी पडत होता. तो नाहीसा होताच त्याची स्थापना आज्ञेने करावी लागली. जे काम पूर्वी निसर्ग करीत असे, ते आता अधिकाऱ्याच्या गळ्यात पडले. या स्थित्यंतराचा सर्वांत विस्तृत प्रयोग अमेरिकेच्या नौदलात झाला. म्हणून पुढील विवेचनात मुख्य आधार त्याच नौदलाचा घेतला आहे. ब्रिटिश व भारतीय नौदलांचे दाखले तुलनेपुरते आले आहेत.

(२)

अमेरिकेच्या युद्धनौकांवर रीतसर टपालकचेऱ्या १९०८ च्या कायद्याने सुरू झाल्या. तत्पूर्वीही पत्रे जात-येत होतीच. परंतु या कायद्याने नाविकांमधूनच टपाल-कारकून नेमण्याची सोय झाली व नौका ही टपालखात्याच्या दृष्टीने एक फिरते गाव बनली. पुढे नाविकाच्या पत्त्यात नाव, नौका आणि न्यूयॉर्क किंवा सॅन फ्रान्सिस्को येथील आरमारी टपालकचेरी एवढ्याच गोष्टी येऊ लागल्या. नौका कोणत्या समुद्रात आहे, हे पत्त्यावरून कळत नसे. पत्र लिहिणाऱ्या आईस किंवा पत्नीस आपले पत्र कोठे जाणार हे ठाऊक नसावे, अशीच ही योजना होती.

दुसऱ्या महायुद्धात या व्यवस्थेवर असह्य भार पडला. तेव्हा जून १९४२ पासून 'व्ही-मेल' ही पद्धती अमलात आली. ठराविक कागदावर लिहिलेले पत्र सूक्ष्म चित्रफितीवर उतरवून ती फीत पाठवावयाची व पोहोचण्याच्या ठिकाणी त्या पत्राची छोटी प्रत छापून द्यावयाची, असा तिचा प्रकार होता. दीड लाख पत्रांना ३७ थैल्या लागत व त्यांचे वजन २,५७५ पौंड भरे. तीच पत्रे चित्रफितीवर ४५ पौंडांच्या एका थैलीत मावत. पत्राचा मजकूर त्याच्या कागदापासून वेगळा करून पाठविता येतो, हे तत्त्व येथे मोठ्या प्रमाणावर सिद्ध झाले. व्ही-मेल १९४५ मध्ये बंद पडले, परंतु ई-मेलचे पूर्वरूप शोधावयाचे झाल्यास ते या चित्रफितीतच सापडते.

युद्धकाळात नाविकांची पत्रे अधिकारी वाचीत व आक्षेपार्ह मजकूर कापून काढीत. या तपासणीची चर्चा नेहमी होते. परंतु तपासणीहून अधिक परिणामकारक असा एक पहारेकरी सदैव उपस्थित होता. तो म्हणजे काळ. पत्र तीन आठवड्यांनी पोहोचले तर त्यातील 'उद्या आम्ही अमुक ठिकाणी जाणार' या वाक्याचा शत्रूस उपयोग उरत नसे. नाविकाचा राग, भय अथवा नैराश्य हीही घरी पोहोचेपर्यंत बहुधा शमलेली असत. उलट दिशेनेही तेच होई. घरातील आजारपण नाविकास कळावयाचे तेव्हा रोगी बरा होऊन हिंडूफिरू लागलेला असे.

हा विलंब किती तीव्र असू शके, याचे उदाहरण शांततेच्या काळातलेच घेता येईल. इराणमधील ओलीस-प्रकरणाच्या निमित्ताने १९८० मध्ये 'ड्वाइट डी. आयझेनहॉवर' ही विमानवाहू नौका हिंदी महासागराच्या उत्तर भागात ठेवण्यात आली. ती सलग १५२ दिवस कोणत्याही बंदरास न लागता समुद्रात राहिली. अशा नौकांवर टपाल विमानाने येई, आणि ते क्रमाने येत नसे. आठ दिवस काहीच नाही व नवव्या दिवशी सहा पत्रे एकदम, अशी स्थिती असल्यामुळे अनेक कुटुंबे आपल्या पत्रांवर अनुक्रमांक घालीत. सातव्या पत्रातील समेट पाचव्या पत्रातील भांडणाच्या आधी वाचला जाऊ नये, हा त्यातील व्यावहारिक हेतू होय.

अत्यंत निकडीच्या वार्तेसाठी स्वतंत्र मार्ग होता. घरी मृत्यू झाल्यास कुटुंबाने अमेरिकन रेडक्रॉसकडे जावे, रेडक्रॉसने वार्तेची खातरजमा करावी, संदेश नौकेकडे जावा आणि नौकाधिपतीने किंवा धर्मोपदेशकाने त्या नाविकास जवळ बसवून ती सांगावी, असा शिरस्ता होता. नौकेवरील वार्ता घरी पोहोचविण्यासाठी १९७० मध्ये नौदलप्रमुख अॅडमिरल एल्मो झुमवॉल्ट यांनी 'ओम्बुड्‌समन' ही योजना सुरू केली. नौकेवरील एखाद्या नाविकाच्या पत्नीने इतर कुटुंबे व नौकाधिपती यांच्यामध्ये दुवा म्हणून काम करावयाचे, असे तिचे स्वरूप होते. तात्पर्य, दुःखाची वार्ता असो की परतीच्या तारखेची, ती कोणाच्या तोंडून व केव्हा सांगितली जावी, हे ठरविणारी एक शिस्तबद्ध साखळी दोन्ही बाजूंस उभी होती.

(३)

या साखळीस ई-मेलपूर्वी दोन अपवाद होते. दोन्ही बिनतारी संदेशवहनाचे होते, आणि दोहोंतही खाजगीपणाचा बळी द्यावा लागत होता.

पहिला अपवाद हौशी बिनतारी-चालकांच्या साह्याने चालणाऱ्या 'मार्स' या संघटनेचा. अमेरिकेच्या नौदलाची व मरीन दलाची शाखा १९६३ मध्ये स्थापन झाली. नौकेवरून लघुलहरींवर आलेला आवाज मायदेशातील एखादा हौशी चालक पकडी व स्थानिक दूरध्वनीस जोडून देई. एका वेळी एकच बाजू बोलू शके. पतीने प्रेमाचे वाक्य बोलून 'ओव्हर' म्हणावयाचे, मग चालकाने कळ फिरवावयाची, नंतर पत्नीने उत्तर द्यावयाचे. मधला चालक सर्व ऐकत असे, आणि त्याच लहरीवर यंत्र लावून बसलेल्या कोणासही ते ऐकता येई. ही शाखा २०१५ मध्ये बंद करण्यात आली.

दुसरा अपवाद पाणबुड्यांचा होय. 'जॉर्ज वॉशिंग्टन' ही क्षेपणास्त्रवाही अमेरिकन पाणबुडी नोव्हेंबर १९६० मध्ये पहिल्या गस्तीवर निघाली. अशा पाणबुडीचे सारे सामर्थ्य तिच्या अज्ञातवासात असते. म्हणून ती संदेश घेते, परंतु पाठवीत नाही. कुटुंबास 'फॅमिलीग्रॅम' नामक मोजक्या शब्दांचा मजकूर पाठविण्याची मुभा असे. ब्रिटिश पाणबुड्यांवर ही मर्यादा आठवड्यास ४० शब्दांची होती. पुढे ती १२० शब्दांपर्यंत वाढली. मजकूर आधी कचेरीत वाचला जाई व त्यात दुःखद वार्ता येऊ दिली जात नसे. नाविकास उत्तर देता येत नसे. चाळीस शब्दांत मुलाचा पहिला दात, वीजबिल व विरह हे सारे बसवावयाचे, ही कला त्या कुटुंबांनी आत्मसात केली होती. येथे विलंब समुद्राचा नव्हता, तो धोरणाचा होता. पुढे सर्वच नौकांवर जे घडावयाचे होते, त्याची रूपरेषा पाणबुड्यांत आधीच दिसून येते.

(४)

युद्धनौकेवर संगणक पत्रासाठी आला नाही. शत्रूची विमाने व नौका यांची माहिती एकत्र करून ती निरनिराळ्या नौकांत वाटून घेण्यासाठी जी संगणकीय पद्धती निर्माण झाली, तिच्या चाचण्या १९६१-६२ मध्ये 'ओरिस्कनी' ही विमानवाहू नौका व 'किंग' आणि 'महान' या क्षेपणास्त्रयुक्त नौका यांवर झाल्या. तो संगणक युद्धकक्षाचा होता. सामान्य नाविकाचा त्याच्याशी संबंध नव्हता.

नौकेच्या दैनंदिन कारभारात वैयक्तिक वापराचे संगणक आणण्याचा एक लक्षणीय प्रयोग 'कार्ल व्हिन्सन' या विमानवाहू नौकेवर झाला. १९८२ मध्ये नौदलात दाखल झालेल्या या नौकेवर कार्नेगी-मेलन विद्यापीठातील संशोधकांनी 'झॉग' नामक पद्धती बसविली. 'पर्क' जातीचे २८ संगणक तारेच्या जाळ्याने परस्परांस जोडले होते. नौकेची संघटना-नियमावली, कामांची वाटणी, शस्त्रास्त्रे वर नेणाऱ्या उद्वाहकांच्या देखभालीची माहिती इत्यादी मजकूर त्यांत एकमेकांशी दुवे जोडलेल्या चौकटींच्या रूपाने साठविला होता. १९८३ च्या पहिल्या दीर्घ सफरीत ही यंत्रणा नौकेबरोबर गेली. एका पडद्यावरील शब्द निवडून दुसऱ्या पडद्यावर जाण्याची जी रीत आज सर्वपरिचित आहे, ती त्या नाविकांनी महाजाल जनसामान्यांत येण्यापूर्वी दहा वर्षे भर समुद्रात वापरली. परंतु हे जाळे नौकेच्या भिंतींत संपत होते. त्यातून घरी एक अक्षरही जात नव्हते.

१९८६ च्या लष्करी कंत्राटानंतर झेनिथ कंपनीचे 'झेड-२४८' हे मेजावरील संगणक अमेरिकन सैन्याच्या कचेऱ्यांत मोठ्या संख्येने आले. अहवाल, गोपनीय शेरे, सामानाच्या याद्या यांसाठी ते वापरले जात. रात्रपाळी संपल्यावर एखाद्याने त्याच यंत्रावर घरचे पत्र टंकित केले, तरी ते कागदावर छापून टपालाच्या थैलीतच टाकावे लागे. पत्र लिहिण्याचे साधन बदलले होते. पत्राचा मार्ग बदलला नव्हता.

मार्ग बदलण्याची निकड खाजगी पत्रांनी निर्माण केली नाही, युद्धाने केली. १९९१ च्या आखाती युद्धात संयुक्त हवाई दलांचा दैनिक कार्यादेश शेकडो पृष्ठांचा असे. विमानवाहू नौकांची संदेशयंत्रणा तो वेळेवर घेण्यास असमर्थ ठरली, म्हणून तो रोज विमानाने नौकांवर पोहोचवावा लागला. जगातील सर्वांत बलाढ्य नौदलास आपली आज्ञा टपालासारखी वाहून न्यावी लागली, ही गोष्ट वरिष्ठांच्या मनास लागून राहिली. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, 'जॉर्ज वॉशिंग्टन' या नव्या विमानवाहू नौकेवर 'चॅलेंज अथेना' हा प्रयोग सुरू झाला. व्यापारी उपग्रहांची वाहनक्षमता भाड्याने घेऊन लक्ष्यांची छायाचित्रे नौकेवर आणणे हा त्याचा उद्देश होता. रुंद मार्ग मिळाल्यावर त्याच मार्गाने नाविकांचे दूरध्वनी व पुढे पत्रेही जाऊ लागली.

१९९७ मध्ये पॅसिफिक आरमाराचे सरसेनापती अॅडमिरल आर्ची क्लेमिन्स यांनी 'एकविसाव्या शतकासाठी माहिती-तंत्रज्ञान' ही योजना पुढे रेटली. नौकांसाठी खास यंत्रे घडविण्यापेक्षा बाजारात मिळणारे संगणक, बाजारात मिळणारी प्रणाली व प्रकाशतंतूंचे जाळे सर्वत्र बसवावे, असे तिचे सूत्र होते. त्याच वर्षी सप्टेंबरात 'यॉर्कटाउन' ही क्रूझर व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ पाण्यात निश्चल उभी राहिली. एका नोंदीत शून्य भरले गेल्याने शून्याने भागण्याचा प्रसंग आला व संगणकांचे जाळे कोलमडून नौकेची चालकशक्तीच बंद पडली. या घटनेची पुष्कळ टवाळी झाली. परंतु योजना थांबली नाही. मेजावरचा सामान्य संगणक युद्धनौकेचा कायमचा रहिवासी झाला, आणि त्याच्याबरोबर ई-मेलही.

याच सुमारास नौकेवरील समाजही बदलला होता. १९७३ पासून सक्तीची लष्करभरती बंद होती व नाविक स्वेच्छेने आलेला होता. तो टिकून राहावयाचा तर त्याच्या कुटुंबासही समाधान हवे होते. १९९३ मध्ये लढाऊ नौकांवर स्त्रियांच्या नेमणुकीवरील बंदी उठली; तेव्हा काही घरांतून पत्राची वाट पाहणारा पती आणि समुद्रावर असलेली आई असे नवे चित्र दिसू लागले. मनोधैर्य या सदराखाली ई-मेलची बाजू नौदलात बळावली, ती या कारणांनी.

(५)

नौकेवरील ई-मेल तत्क्षणी जात असे, अशी समजूत होणे साहजिक आहे. वस्तुस्थिती तशी नव्हती. नाविकाने लिहिलेले पत्र प्रथम नौकेच्या मुख्य संगणकात साठे. उपग्रहाशी संपर्क झाला म्हणजे साठलेली पत्रे एकगठ्ठा किनाऱ्यावरील केंद्राकडे जात व तेथून पुढे महाजालात शिरत. येणारी पत्रेही अशीच किनाऱ्यावर वाट पाहत. मोठ्या विमानवाहू नौकेवर सुमारे पाच हजार माणसे असत. लहान नौकांना इन्मारसॅट-बी जातीच्या उपग्रहयंत्रणेवर अवलंबून राहावे लागे व तिचा वेग सेकंदास ६४ हजार बिट एवढाच होता. नौकेचे सारे दैनंदिन कामकाज व शेकडो माणसांचा पत्रव्यवहार या एका अरुंद नळीतून वाहत असे. म्हणून जोडपत्रांच्या आकारावर मर्यादा होती. बाळाचे छायाचित्र मोठे असेल तर ते किनाऱ्यावरच अडकून पडे. शिवाय नौकेने दिशा बदलली व तिचेच डोलकाठीचे बांधकाम अँटेना आणि उपग्रह यांच्या आड आले की संपर्क तुटे. नाविकाचे पत्र घरी पोहोचणे हे अशा वेळी नौका कोणत्या दिशेस तोंड करून चालली आहे, यावर अवलंबून असे.

तथापि आठवडे जाऊन तास आले, हा भेद मूलगामी होता. पूर्वीच्या पत्रात जे गाळले जाई, ते आता लिहिले जाऊ लागले. गळका नळ, शाळेतील तक्रार, मध्यरात्रीचा ताप या गोष्टी घडत असतानाच नाविकास कळू लागल्या. त्याचा घरातील सहभाग वाढला, आणि त्याबरोबर त्याची असहायताही वाढली. ज्या तापावर त्याला काहीच इलाज करता येत नव्हता, त्याची चिंता घेऊन तो आता पहाऱ्यावर उभा राहू लागला. रेडक्रॉसचा संदेश व धर्मोपदेशक ही व्यवस्था कायम राहिली. परंतु पित्याच्या मृत्यूची वार्ता बहिणीच्या चार ओळींतून पडद्यावर आधीच येऊन ठेपण्याचा संभव निर्माण झाला. उलट दिशेने, नौकेवर अपघात झाला तर मृताच्या कुटुंबास अधिकृत वार्ता मिळण्यापूर्वी ती एखाद्या सहकाऱ्याच्या पत्रातून गावभर होण्याची भीती उत्पन्न झाली. दोन्ही टोकांची साखळी एकाच वेळी सैल झाली.

(६)

यावर जो उपाय योजण्यात आला, तो या विषयाच्या इतिहासात मध्यवर्ती आहे. अमेरिकन नौकांवर 'रिव्हर सिटी' ही घोषणा रूढ झाली. 'रिड्यूस्ड कम्युनिकेशन्स', म्हणजे मर्यादित संपर्क, या शब्दांच्या 'आर' व 'सी' या आद्याक्षरांवरून हे सांकेतिक नाव पडले. घोषणा होताच ठराविक अधिकाऱ्यांखेरीज इतरांचे ई-मेल व दूरध्वनी बंद होतात. हल्ला होणार असेल, नौका गुप्तपणे जात असेल अथवा कोणी मरण पावले असेल, तर हा पडदा पाडला जातो. पूर्वी मौन ही समुद्राची स्थिती होती. आता ती एक आज्ञा झाली.

या बदलाचा एक अनपेक्षित परिणाम किनाऱ्यावर झाला. टपालाच्या काळात तीन आठवडे पत्र न येणे यात विशेष काही नसे. रोज ई-मेल येऊ लागल्यावर दोन दिवसांचे मौनही कुटुंबास बोलके वाटू लागले. नौकेवर काहीतरी घडत आहे, हे पत्र बंद होण्यावरूनच कळू लागले. गुप्ततेसाठी घातलेले मौन स्वतःच एक वार्ता ठरले.

खाजगी पत्राचे खाजगीपण किती क्षणभंगुर झाले, याची साक्ष सप्टेंबर २००१ मधील एका घटनेत मिळते. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर तीन दिवसांनी 'विन्स्टन एस. चर्चिल' या अमेरिकन विनाशिकेजवळून 'ल्युट्येन्स' ही जर्मन विनाशिका गेली. जर्मन नाविक समारंभाच्या गणवेशात कठड्याशी उभे होते, अमेरिकेचा ध्वज अर्ध्यावर उतरविलेला होता व 'आम्ही तुमच्या पाठीशी आहोत' अशा अर्थाचा इंग्रजी फलक नौकेवर लावलेला होता. अमेरिकन नौकेवरील एका कनिष्ठ अधिकाऱ्याने हे दृश्य ई-मेलने वडिलांस कळविले. ते पत्र एका हातून दुसऱ्या हाती जात अल्पावधीत जगभर पसरले. टपालाच्या काळात असे पत्र एका घरच्या पेटीत राहिले असते व कदाचित पन्नास वर्षांनी संशोधकाच्या हाती लागले असते. ई-मेलने ते लिहिणाऱ्याच्या हयातीतच, किंबहुना त्याच सफरीत, सार्वजनिक दस्तऐवज करून टाकले.

ज्याच्या हाती पडदा टाकण्याचा अधिकार, तोही या गतीपासून सुरक्षित राहिला नाही. मार्च २०२० मध्ये 'थिओडोर रूझवेल्ट' ही विमानवाहू नौका कोरोनाची साथ घेऊन ग्वाम बेटास लागली. कॅप्टन ब्रेट क्रोझियर यांनी ३० मार्च रोजी नाविकांना नौकेवरून त्वरित उतरविण्याची मागणी करणारे पत्र गुप्त नसलेल्या ई-मेलने धाडले. दुसऱ्याच दिवशी ते सॅन फ्रान्सिस्कोच्या वृत्तपत्रात छापून आले व २ एप्रिल रोजी क्रोझियर यांस पदावरून दूर करण्यात आले. सुमारे ४,८०० जणांच्या त्या नौकेवर १,२०० हून अधिक लोक बाधित झाले व एक नाविक मृत्यू पावला. पत्र योग्य होते की नाही, हा वाद येथे प्रस्तुत नाही. नौकाधिपतीचे पत्र व कनिष्ठ नाविकाचे पत्र आता एकाच वेगाने व एकाच अनिश्चिततेने प्रवास करतात, एवढा मुद्दा त्यातून स्पष्ट होतो.

अगदी अलीकडील टप्पा अधिक बोधप्रद आहे. २०२३ मध्ये 'मँचेस्टर' या किनारी युद्धनौकेवर काही ज्येष्ठ नाविकांनी वरिष्ठांस न कळविता स्टारलिंक उपग्रहसेवेची अँटेना बसविली व आपल्यापुरते स्वतंत्र महाजाल चालविले. प्रकरण उघडकीस आल्यावर २०२४ मध्ये लष्करी न्यायालयात शिक्षा झाली. गुन्हा अर्थात गंभीर होता. कारण अनधिकृत प्रक्षेपणाने नौकेचा ठावठिकाणा उघड होऊ शकतो. परंतु इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट ही की, संपर्काची किल्ली प्रथमच नौकेच्या यंत्रणेबाहेर, कोणासही विकत घेता येईल अशा वस्तूत, येऊन राहिली होती.

(७)

संपर्कयंत्रणा कोणाच्या हाती आहे, या प्रश्नाचे राजकीय मोल मुंबईस पूर्वीच कळले होते. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी सुरू झालेला रॉयल इंडियन नेव्हीतील उठाव कुलाब्याच्या 'तलवार' या केंद्रात सुरू झाला, आणि 'तलवार' ही संदेशवहन शिकविणारी शाळा होती. बिनतारी यंत्रे चालविणारे खलाशीच संपात असल्यामुळे वार्ता नौकांवर झपाट्याने पोहोचली. ७८ नौका, २० किनारी ठाणी व सुमारे २०,००० खलाशी त्यात सामील झाले. हा व्यवहार खाजगी पत्रांचा नव्हता, हे खरे. परंतु वरिष्ठांच्या संमतीशिवाय खलाशी खलाशाशी बोलू लागला म्हणजे नौकेवरील सत्तेचा पाया हलतो, ही भीती ई-मेलहून पन्नास वर्षांनी जुनी आहे, हे त्यावरून दिसते.

स्वतंत्र भारताच्या नौदलातील नाविकाचा पत्ताही नौकेचे नाव व आरमारी टपालकचेरी, मुंबई, असाच लिहिला जात आला; नौकेचा ठिकाणा त्यात नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये 'जीसॅट-७', म्हणजेच 'रुक्मिणी', हा नौदलासाठी खास निर्माण केलेला भारताचा पहिला उपग्रह अवकाशात गेला व नौकांना विस्तृत संपर्कक्षेत्र लाभले. उलट डिसेंबर २०१९ मध्ये समाजमाध्यमांतून झालेल्या हेरगिरीच्या प्रकरणात नौदलातील काही जणांना अटक झाली. त्यानंतर युद्धनौका, गोद्या व तळ यांवर स्मार्टफोन आणि फेसबुकसारखी माध्यमे वापरण्यास बंदी घालण्यात आली. मार्ग रुंद करणे व मार्गावर पहारा बसविणे या दोन क्रिया भारतातही पाठोपाठ आल्या.

(८)

इतिहाससंशोधकास या विषयात आणखी एक गोष्ट जवळची आहे. ती म्हणजे साधनांची. १९८२ च्या फॉकलंड युद्धात 'ग्लॅमॉर्गन' या ब्रिटिश नौकेवरील लेफ्टनंट डेव्हिड टिंकर हे १२ जून रोजी, युद्ध संपण्यापूर्वी दोन दिवस, मृत्यू पावले. त्यांनी घरी लिहिलेली पत्रे त्याच वर्षी त्यांच्या पित्याने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. ते पिता म्हणजे ब्रह्मदेशाचे व परदेशी गेलेल्या भारतीय गिरमिटिया मजुरांचे सुप्रसिद्ध इतिहासकार ह्यू टिंकर. प्रारंभीच्या उत्साहापासून युद्धाविषयीच्या अविश्वासापर्यंत एका तरुण अधिकाऱ्याचे मन कसे बदलत गेले, हे त्या पत्रांतून क्रमवार दिसते. हे शक्य झाले, कारण पत्रे कागदावर होती व घरच्यांनी ती जपून ठेविली होती.

पुढील पिढीच्या नाविकांची पत्रे या रीतीने राहिलेली नाहीत. नौकेवरील ई-मेलचा पत्ता नौकेच्या नावे असे. बदली झाली की खाते बंद होई व साठलेली पत्रे जात. व्यापारी सेवेवरील पत्रे परवलीच्या शब्दामागे राहतात व तो शब्द ठाऊक असणारा माणूस गेला की तीही गेल्यासारखीच होतात. नौकेची अधिकृत दैनंदिनी अभिलेखागारात पोहोचते. त्या दिवशी नाविकाने पत्नीस काय लिहिले, ते पोहोचत नाही. हा धोका ओळखून अँड्रू कॅरोल यांनी १९९८ मध्ये अमेरिकेत युद्धपत्रांचा संग्रह आरंभिला व त्यात ई-मेलनाही स्थान दिले. २०१३ मध्ये तो संग्रह कॅलिफोर्नियातील चॅपमन विद्यापीठाकडे सोपविण्यात आला.

येथवरच्या विवेचनाचा निष्कर्ष असा. ई-मेलने नाविकाचा एकांत कमी केला व त्याच्या कुटुंबाचे विरहदुःख हलके केले, हा लाभ निर्विवाद आहे. पण त्याची किंमत दोन ठिकाणी द्यावी लागली. विलंबाची जबाबदारी समुद्राकडून माणसाकडे आली, त्यामुळे मौनही कोणाच्या तरी निर्णयाचे फळ ठरले व त्याबद्दल जाब विचारता येऊ लागला. आणि पत्र जितके वेगवान झाले, तितके ते अल्पायुषी झाले.

रत्नागिरीचा किनारा पूर्वीच्या रॉयल इंडियन मरीनपासून खलाशांच्या भरतीचा प्रदेश म्हणून ओळखला गेला आहे. तेथील घरांतल्या पत्र्याच्या पेट्यांत मनीऑर्डरीच्या पावत्यांबरोबर जी पत्रे असतील, ती कागदाची असल्यामुळे अद्याप वाचता येण्याजोगी आहेत. त्यांच्या नातवंडांची नौकेवरून आलेली पत्रे मात्र जुन्या फोनमध्ये व बंद पडलेल्या संगणकांत आहेत. स्थानिक इतिहासाचे संकलन करणाऱ्यांनी पहिली नोंदविताना दुसऱ्यांचीही छापील प्रत त्या कुटुंबांकडून मागून घ्यावी. जुन्या कागदास कसर लागावयास पन्नास वर्षे लागतात. परवलीचा शब्द विसरावयास एक पावसाळा पुरतो.